घट कुठं गेली?

"हात काढा की."

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दुकानदारांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की साहेब कोपऱ्यावर दिसले तरी त्यांचे हात आपोआप काट्यापासून लांब जायचे. साहेब दुकानापाशी यायचे, मान वाकडी करून काट्याच्या पातळीला डोळा लावायचे आणि दोन बोटं हवेत अशी झटकायचे, की मालावर बसलेली माशीच हाकलतायत असं वाटावं. मग ते वाक्य. दुकानदाराचा हात ताटलीवर असो वा नसो. एकदा पेरूवाल्या मावशींनी वैतागून दोन्ही हात वर करून दाखवले, तर साहेब शांतपणे म्हणाले, "आता पदर आवरा." मावशींनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा त्यांचा उद्धार केला. पदराचं टोक ताटलीवर होतं हे मात्र खरं.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. त्याच्यासमोर आपण काही केलेलं नसतानाही चोरासारखं वाटतं. साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे गारगोटीकडचे. उंच, वाळके, पांढरा हाफ शर्ट, आणि चेहरा असा, की आपण वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी विचारतील, "का बरं?"

हा माणूस आमच्या पोरांना धंदा शिकवायला कसा आला, ते सांगतो.

आमच्या तालमीच्या वर एक हॉल आहे. खाली माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, आणि मी मंडळाचा सहचिटणीस. आमचं मंडळ गणपती बसवतं, फुटबॉलची टीम चालवतं आणि उरलेल्या वेळात भांडतं. अलीकडं एका संस्थेच्या मदतीनं आम्ही पेठेतल्या पोरापोरींसाठी उद्योजकता वर्ग सुरू केला. रविवारी सकाळी, मॅच नसेल तेव्हा. सुरुवातीला पुण्याचे पाहुणे यायचे. ऐन मेमध्ये कोट घालून यायचे, 'मोठी स्वप्नं बघा' म्हणायचे आणि पोरांबरोबर सेल्फी काढून जायचे. त्यातल्याच एका भाषणात मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "पावणं, जरा हात काढा की. तुमचा स्वतःचा धंदा कुठला, ते आदी सांगा."

पाहुण्यांचा धंदा भाषणं देणं हाच होता. ते बाहेर आलं आणि पोरं हसली. पुढच्या रविवारपासून शिकवायला साहेबच, पुढच्या सतरंजीवर.

मानधन नको म्हणाले. इथंच घोटाळा झाला. फुकट म्हटलं, की आमचा कोल्हापूरचा माणूस आधी मागं सरतो आणि मग लांबून बघत बसतो. यात चूक तरी काय? घरबसल्या श्रीमंत करायला आलेल्या लोकांनी पेठेतली निम्मी घरं आधीच गरीब करून ठेवली आहेत. त्यामुळं साहेबांवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, महापालिकेला उभं राहायचंय. कुणी म्हणालं, पोरगा विमा एजंट असणार, वर्ग संपला की फॉर्म बाहेर काढतील. चहाच्या गाड्यावर एकानं तर ठामच सांगितलं, "हयातभर खाल्लं असणार. आता पुण्य गोळा कराय लागलंय."

मीही लक्ष ठेवून होतो. ते मला शोभतंच, मी सहचिटणीस आहे. एकदा ते नगरसेवकाच्या ऑफिसातून बाहेर पडताना दिसले. म्हटलं, सापडलं मांजर. चौकशी केली तर गटारीची तक्रार द्यायला गेलेले. तीही स्वतःच्या घरासमोरची नव्हे, आमच्या तालमीसमोरची. मला आणखीनच संशय आला.

शेवटी तोंडावर विचारलं, "साहेब, खरं सांगा, तुमाला ह्यात काय मिळतंय?"

"जलमभर लबाड धंदा पकडला, चिटणीस," ते म्हणाले. "सरळ धंदा कसा दिसतोय, ते बगायचं ऱ्हायलंय."

वाक्य छान होतं. पण असली वाक्यं निवृत्त माणसं आरशापुढं पाठ करून येतात, हे मला माहीत आहे. मी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हा म्हणजे उलटतपासणी. पोरगं उभं राहून सांगायचं, "मी फुटबॉलचे टी-शर्ट छापणार." साहेब: "कुणाला इकणार?" "सगळ्यांना." "सगळ्यांचं नाव सांग." पोरगं दोस्तांची नावं घ्यायचं. "हात काढ. तुज्या दोस्तांना वगळून सांग." दोस्त वगळले की बहुतेकांच्या धंद्यात कुणीच उरायचं नाही. काही पोरं चिडून वर्ग सोडून गेली. राहिली ती मात्र घट्ट राहिली.

त्यातली एक सुप्रिया.

सुप्रियाच्या वडिलांचा डंक होता. डंक म्हणजे मिरची कांडायची गिरणी. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा आणि डंकावर कांडून आणायचं. प्रत्येक घरची चटणी वेगळी आणि प्रत्येक घराला खात्री, की खरी चटणी आपलीच. म्हणून बायका पिशवी डंकावर टाकून कधी जात नाहीत. ठसक्यानं डोळ्यांतून पाणी वाहत असलं तरी तिथंच उभ्या. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये आणि डंकवाल्यानं त्यातली मारू नये, म्हणून पहारा.

वडील गेले आणि डंक बंद पडला. जागा चुलत्यांच्या नावावर. ते माणूस वाईट नव्हे, पण मोबाइलचे कव्हर विकणारा एकजण ती जागा मागत होता. चुलत्यांनी सुप्रियाला एक हंगाम दिला. चटणीचा हंगाम संपेपर्यंत डंक चालला तर ठीक, नाही तर शटर कव्हरवाल्याला. आईला तर डंकाशिवाय दुसरं काही येतच नव्हतं, आणि सुप्रियाचं लग्न ठरवायची घाई त्या शटरमागोमाग येणार, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

वर्गात तिनं आधी सांगितलं, "मी तयार चटणी पॅक करून विकणार."

"कुठं?"

"इथंच. कोल्हापुरात."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं, हितं शेजारणीची चटणी फुकट दिली तरी बाई नाक मुरडती. इकत कोण घेणार?"

सुप्रिया खाली बसली. पण पुढच्या रविवारी ती दुसरंच घेऊन आली. आता पेठेतल्या सुना बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरीला. त्यांना डंकावर उभं राहायला वेळ कुठाय? त्यांनी सकाळी पिशवी ठेवून जायची. त्यांची मिरची कांडताना ती व्हिडिओ काढून त्यांच्या फोनवर पाठवणार. पहारा फोनवरनं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेब वगळून.

"व्हिडिओ कुणाच्याबी मिरचीचा काढता येतोय," ते म्हणाले. "पिशवी दिसू दे त्यात. पिशवी वळकीची असती."

मग त्यांनीही एक टाळी वाजवली. अगदी एकच.

डंक सुरू झाला. साहेब रोज एक चक्कर मारायचे. भिंती बघायचे, शटर बघायचे, मागची मोरी बघायचे. चुलत्यांनी पेठेत सांगायला सुरुवात केली, की हा माणूस जागा हेरतोय. मलाही ते पटत होतं. फुकट शिकवणारा माणूस मोरी कशाला बघेल?

पहिल्याच आठवड्यात तिथं भांडण झालं. समोरच्या घरातल्या जैन काकू, म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस, त्यांनी आपली चटणी घरी नेऊन मोजली आणि परत येऊन भर रस्त्यात आवाज चढवला. "माजी मारली तू! दिली त्यापेक्षा कमी हाय!" सुप्रिया रडकुंडीला आली. काकू तणतणत गेल्या, पुन्हा आल्या नाहीत, आणि गल्लीत सांगत फिरल्या. तरी नवल असं, की बाकी कुणाचीच तक्रार येईना. उलट नाव व्हायला लागलं. सुप्रियाच्या डंकावर चटणी पुरी भरते म्हणे. रांग वाढली. मी साहेबांना म्हटलं, "बगा, तुमच्या वर्गाचं फळ."

"पुरी भरती?" साहेब म्हणाले. दोन बोटं हवेत थांबली.

दुसऱ्या दिवशी ते एक पिशवी घेऊन माझ्या दुकानात आले. वजन करून आणलेली मिरची आणि मसाला. माझ्या बायकोनं ती आपली म्हणून डंकावर द्यायची आणि चटणी आणून माझ्या काउंटरवर ठेवायची. मला हे आवडलं नाही. ज्या पोरीला शिकवलं तिच्यावरच हेर सोडायचा? पण बघायची उत्सुकता मलाही होती.

संध्याकाळी साहेबांनी काउंटरवर आपला जुना काटा मांडला. चटणी ठेवली. मी काटा बघितला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "भरली की बरोबर! पोरगी चोख हाय, साहेब."

साहेबांचा चेहरा काळवंडला. "सगळी भरली," ते म्हणाले, "म्हंजे घोटाळा हाय."

"आता काय म्हणावं तुमाला!"

"चिटणीस, कांडताना थोडी उडती, थोडी उखळाला चिकटती, पाणी आटतंय. घट ही येणारच. मग हिची घट कुठं गेली?"

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा राग आला. कमी दिलं तर चोर, पुरं दिलं तरी चोर. असल्या माणसाच्या बायकोनं संसार कसा केला असेल, असं मनात आलं. तरी मी त्यांच्या मागोमाग गेलो.

डंक बंद व्हायची वेळ होती. आई झाडत होती. साहेबांनी सरळ विचारलं, "कुठली घालतीस?"

सुप्रियानं आईकडं बघितलं. आईनंच सांगितलं. काकूंनी रस्त्यात तमाशा केल्यापासून पोरीनं धसका घेतलेला. जेवढी घट येईल तेवढी घरच्या डब्यातली चटणी ती प्रत्येकीच्या पिशवीत घालत होती. कुणी चोर म्हणायला नको म्हणून. घरची वर्षाची चटणी संपत आलेली.

"मग तुमी काय खाताय?" मी विचारलं.

"हिरवी मिरची ठेचतो की," आई म्हणाली, आणि हसली.

मला तिथंच भरून आलं. मला वाटलं, साहेब आता तिच्या डोक्यावर हात ठेवतील. साहेब म्हणाले, "हात काढ, पोरी. हे ताटलीवर हात ठिवल्यागत झालं."

"मी कुणाचं घेतलं न्हाई, सर. माजंच दिलं."

"बाईनं आपली चटणी मागितली हुती. तुजी न्हवं. उद्या काकूंसारख्या एखाद्या घरात तुज्या चटणीतला लसूण गेला तर? त्यांच्या घरात कांदा-लसूण चालतोय व्हय?"

सुप्रियाचा चेहरा उतरला. तेवढा विचार तिनं केला नव्हता. काकूंच्या बोलण्यानं त्यांच्यातली कुणी इकडं फिरकली नव्हती, म्हणून निभावलं होतं.

"उद्या रांगेत सांगायचं," साहेब म्हणाले.

"सांगितलं तर सगळं मोडंल, सर. काका जागा देऊन टाकतील."

"देतील," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज हलला नाही. मी त्या रात्री बायकोला म्हटलं, हा माणूस मदत करायला आलेलाच नाही. मोडायला आलाय.

सकाळी सुप्रिया डंकाच्या पायरीवर उभी राहिली. पुढं बायका, पिशव्या. ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलेलं. तिनं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. घट येते, येणारच, आणि ती भरून काढायला मी आमच्या घरची चटणी घातली, चुकलं.

मग भडका. "म्हंजे आमच्या चटणीत तुजी चटणी?" "शी! तरीच औंदा रंग येगळा दिसतोय!" कुणी शिव्या दिल्या, कुणी पिशवी उचलून चालू लागली. रांग निम्मी झाली. चुलते रस्त्याच्या पलीकडं हाताची घडी घालून उभे होते.

साहेबांनी दारात आपला काटा मांडला. माझ्या बायकोची पिशवी घेतली, ही आता खरोखरच आमची, आणि सगळ्यांसमोर जोखली. कांडली. पुन्हा जोखली. थोडी कमी भरली. राहिलेल्या बायका वाकून वाकून बघू लागल्या.

तेवढ्यात समोरच्या काकू रस्ता ओलांडून आल्या. गर्दी बाजूला झाली. त्यांनी काट्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. साहेबांचा हात ताटलीच्या कडेला टेकलेला होता.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी हात काढला. आणि हसले. त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. काटा तिथंच राहिला.

काकूंनी वाकून काटा पुन्हा बघितला. मग सुप्रियाला म्हणाल्या, "म्हंजे माजी तेवढी बरोबर दिलीस तू."

"व्हय, काकू."

"आणि मी गावभर बोंबलत फिरले." त्यांनी पदर खोचला. "उखळ धुऊन घे. उरलेली मिरची आणती."

हंगाम काही सोन्याचा झाला नाही. गेलेल्या बायकांपैकी काही परत आल्या, काही अजूनही दुसरीकडं जातात आणि सुप्रियाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पण काकूंच्या मागं त्यांच्या नात्यातली घरं आली आणि डंक थांबला नाही. हंगाम संपल्यावर चुलते वर्गात आले. सगळ्या पोरांसमोर साहेबांना विचारलं, "खरं बोला, साहेब. तुमची नजर कशावर हाय?"

"तुमच्या मोरीवर," साहेब म्हणाले. "ओल धरलीया. मिरचीला बुरशी येईल. बांधून घ्या."

चुलत्यांनी मोरी बांधून घेतली. कव्हरवाल्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून सांगितलं, आणि हल्ली ते स्वतःच संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमचा डंक' म्हणून सांगतात.

पावसाळ्यानंतर साहेब खंगत गेले. दुखणं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं, की "का बरं?" म्हणायचे. डॉक्टरांवरही त्यांचा विश्वास नव्हता. एका रविवारी ते आले नाहीत. एका पोरानं उभं राहून आपल्या धंद्याचं असं काही रसाळ वर्णन केलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. विचारणारं कुणीच नव्हतं.

ते गेल्याचा निरोप आला तो पुन्हा चटणीचाच हंगाम. मी दुकान बंद केलं आणि आधी डंकाकडं गेलो. सुप्रियाला सांगितलं. तिनं उखळात पडलेली मिरची पुरी कांडून घेतली, भरून दिली, मग बटण बंद केलं. तो आवाज थांबला की गल्ली एकदम मोठी वाटते. तिनं शटर ओढायला घेतलं तशी रांगेत चुळबुळ झाली.

पुढंच एक बाई होत्या, नव्या वसाहतीतल्या, पहिल्यांदाच आलेल्या. त्यांना पेठेतलं काही माहीत नव्हतं. "अहो, मी रजा काढून आलेय," त्या म्हणाल्या. "बंद का करताय?"

"एकजण गेलेत," मी म्हटलं.

"अरेरे." त्यांनी सुप्रियाकडं बघितलं. "कोण लागत होते तुझे?"

सुप्रियाचा हात शटरवर होता. तिनं विचार केला. वडील म्हणाली असती, गुरू म्हणाली असती, तरी चाललं असतं.

"कोण न्हाई ओ, मावशी," ती म्हणाली. "सगळी माज्यावर इस्वास टाकत्यात. संशय घेणारं एवढंच एक माणूस हुतं."

आणि ती रडायला लागली, भर रस्त्यात, तोंडावर हात न घेता.

त्या बाईंनी मिरचीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "कुठं राहायचे ते? मीही येते."